चालकविरहित गाडी: आली म्हणायची की अजून यायची आहे?

२०१५ साली क्रिस अर्मसन यांनी एका जाहीर व्याख्यानात आपल्या थोरल्या मुलाचा उल्लेख केला होता. अर्मसन तेव्हा गुगलच्या चालकविरहित गाड्यांच्या प्रकल्पाचे प्रमुख होते. मुलगा अकरा वर्षांचा, म्हणजे आणखी साडेचार वर्षांनी त्याला ड्रायव्हिंग लायसन्स काढता येणार होतं. त्याच्यावर ती वेळच येऊ नये म्हणून मी आणि माझी टीम कामाला लागलोय, असं त्यांनी श्रोत्यांना सांगितलं.

ती साडेचार वर्षं कधीच उलटून गेली. कुठल्याही रस्त्यावर, कुठल्याही हवामानात, आत बसलेल्या माणसाने लक्ष न देता चालेल अशी गाडी आजही विकत मिळत नाही. अर्मसन काही उगाच हवेत बोलणारे गृहस्थ नव्हेत. या विषयात त्यांच्याइतकी मुरलेली माणसं जगात मोजकीच आहेत. मग त्यांचाही अंदाज चुकला कसा?

आता दुसरी बाजू. फिनिक्स, सॅन फ्रान्सिस्को, लॉस एंजेलिस या शहरांत फोनवरून टॅक्सी बोलावली की समोर येणाऱ्या गाडीत चालकाची सीट रिकामी असते. गुगलच्याच प्रकल्पातून पुढे आलेल्या वेमो या कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आठवड्याला अडीच लाखांहून जास्त भाड्याच्या फेऱ्यांचा टप्पा गाठल्याचं सांगितलं. चीनमध्ये वुहान शहरात बायडू कंपनीच्या अशाच टॅक्सी धावतात. ही प्रात्यक्षिकं नाहीत. माणसं पैसे मोजून कामावर जातात, घरी येतात.

म्हणजे एका बातमीनुसार चालकविरहित गाडी हे फसलेलं स्वप्न आहे आणि दुसरीनुसार ती कधीच आलेली आहे. वाचणारा गोंधळतो, त्यात त्याची चूक नाही. दोन्ही बातम्या खऱ्या आहेत. त्या एकाच वेळी खऱ्या कशा, याचं उत्तर कंपन्यांच्या जाहिरातींपेक्षा गाडी चालवणं या कामाच्या स्वभावात जास्त सापडतं.

## गाडी 'स्वतः चालते' म्हणजे काय करते?

तीन कामं करते. आधी पाहते, मग समोरचे काय करतील याचा अंदाज बांधते, आणि शेवटी आपण काय करायचं ते ठरवते.

पाहण्यासाठी कॅमेरे असतात, रडार असतं आणि बहुतेक कंपन्यांच्या गाड्यांवर लायडार नावाचं उपकरण असतं. लायडार चहूकडे लेझर किरणांचे बारीक ठोके सोडतं आणि ते आदळून परत यायला किती वेळ लागला, यावरून प्रत्येक वस्तू किती लांब आहे ते मोजतं. अंधारात वटवाघूळ आवाजाने जे करतं, ते हे उपकरण प्रकाशाने करतं. पाहण्याच्या कामात यंत्र आता माणसाच्या पुष्कळ पुढे गेलंय. त्याला एकाच वेळी चारही दिशा दिसतात आणि त्याची नजर फोनकडे वळत नाही.

ठरवण्याचं कामही तुलनेने आटोक्यात आहे. मधलं काम अवघड आहे. रस्त्यावर चेंडू घरंगळत आला की त्यामागून मूल धावत येईल, हे आपल्याला कोणी शिकवावं लागत नाही. कडेला उभा असलेला माणूस रस्ता ओलांडणार आहे की नुसता गप्पा मारतोय, हे त्याच्या खांद्याच्या ठेवणीवरून आपण ओळखतो. अरुंद गल्लीत समोरून गाडी आली तर एका नजरेत ठरतं, आधी तू की आधी मी. आयुष्यभर माणसांत वावरल्यामुळे आपल्याला हे सगळं फुकट मिळालेलं आहे.

यंत्रमानवांचे अभ्यासक हान्स मोराव्हेक यांनी १९८८ मध्येच हे नेमकं सांगून ठेवलं होतं. मोठ्या माणसांना अवघड वाटणाऱ्या बुद्धीच्या कसोट्या संगणकाला सोप्या जातात. एका वर्षाच्या मुलाला जे पाहता आणि हालचाल करता येते, ते मात्र त्याला शिकवणं महाकठीण. १९९७ मध्ये संगणकाने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. त्यानंतर सात वर्षांनी, २००४ मध्ये, काय झालं ते पाहण्यासारखं आहे.

## बारा किलोमीटर

मार्च २००४. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संशोधन संस्थेने मोहावीच्या वाळवंटात चालकविरहित गाड्यांची शर्यत ठेवली. अंतर सुमारे २३० किलोमीटर, बक्षीस दहा लाख डॉलर. एकही गाडी शेवटपर्यंत पोचली नाही. सर्वांत पुढे गेली ती कार्नेगी मेलन विद्यापीठाची गाडी, आणि तीही जेमतेम १२ किलोमीटरवर एका वळणावर अडकून पडली. तिच्या चमूत अर्मसन होते.

दीड वर्षाने, ऑक्टोबर २००५ मध्ये, पुन्हा शर्यत झाली. या वेळी २१२ किलोमीटरची वाट तब्बल पाच गाड्यांनी पुरी केली. पहिली आलेली स्टॅनफर्ड विद्यापीठाची गाडी सात तासांच्या आत पोचली. २००७ मध्ये तिसरी शर्यत झाली, ती एका बंद पडलेल्या हवाई तळावर उभ्या केलेल्या नकली शहरात, चौक आणि इतर वाहनांसह. ती कार्नेगी मेलनने जिंकली आणि तिथे तंत्राची धुरा अर्मसन यांच्याकडे होती.

तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय वाटलं असतं? अठरा महिन्यांत बाराचे दोनशेबारा किलोमीटर. आणखी दोन वर्षांत वाळवंटातून चौकात. हा वेग पुढे धरला तर दहा वर्षांत सगळं संपायला हवं, असंच कुणालाही वाटेल. गुगलचे सहसंस्थापक सर्गेई ब्रिन यांनी २०१२ मध्ये सांगितलं की सामान्य माणसाला अशी गाडी मिळायला किती वर्षं लागतील ते एका हाताच्या बोटांवर मोजता येईल. २०१६ मध्ये फोर्डने २०२१ पर्यंत स्टिअरिंग नसलेली टॅक्सी आणायचं जाहीर केलं. त्याच वर्षी टेस्लाचे इलॉन मस्क म्हणाले की २०१७ संपायच्या आत त्यांची गाडी लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला स्वतःच जाईल. २०१९ मध्ये ते म्हणाले की पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त रोबोटॅक्सी रस्त्यावर असतील. यातलं काहीच ठरल्या वेळी झालं नाही.

गुंतवणूकदारांचा पैसा खेचायला मोठ्या तारखा द्याव्या लागतात, हे खरं आहे, आणि काही विधानं मला बेजबाबदारच वाटतात. पण प्रामाणिक माणसंही चुकली. ती का चुकली, ते समजून घेण्यात जास्त शिकण्यासारखं आहे.

## कोपऱ्यातला केर

मोठी खोली झाडायला घ्या. मधली मोकळी जमीन चार हात मारले की लख्ख होते आणि खोली झाडून झाल्यासारखी दिसते. खरा वेळ जातो तो कोपऱ्यांत, कपाटाखाली, दाराच्या फटीत. गाडी चालवण्याचं काम अशा खोलीसारखं आहे, फक्त हिचे कोपरे संपत नाहीत. एक साफ केला की दुसरा दिसतो.

सरळ रस्ता, स्वच्छ पट्टे, चालू सिग्नल, नियम पाळणारी वाहनं: आपलं बहुतेक ड्रायव्हिंग याच मोकळ्या जमिनीवर होतं. म्हणूनच ते यंत्राला लवकर जमलं. जर्मनीत अर्न्स्ट डिकमन्स यांच्या गाडीने १९९५ मध्येच म्युनिकहून डेन्मार्कला जाऊन-येऊन केलेल्या सुमारे १,७५० किलोमीटरच्या प्रवासात बहुतांश अंतर स्वतः कापलं होतं. तीस वर्षांपूर्वी!

कोपरे कसे असतात याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. डिसेंबर २०२३ मध्ये फिनिक्समध्ये एक पिकअप ट्रक टोइंगच्या गाडीने उलटा, तोंड मागे आणि जरासा तिरका, ओढत नेला जात होता. वेमोच्या गाडीला तो नीट दिसला. पण हे वाहन आता कुठे जाईल, याचा अंदाज चुकला आणि गाडी त्याला धडकली. काही मिनिटांत वेमोची दुसरी गाडी त्याच ट्रकला धडकली. कुणाला इजा झाली नाही. कंपनीने नंतर सगळ्या गाड्यांचं सॉफ्टवेअर बदललं.

इतक्या वर्षांच्या सरावात उलटा, तिरका ओढला जाणारा ट्रक असा समोर आला नसेल. आपण तो पहिल्यांदा पाहिला तरी क्षणात ओळखू, कारण दोर, वजन, ओढणं, वळणं हे सगळं आपल्याला ड्रायव्हिंगच्या बाहेरच्या जगातून ठाऊक असतं. ज्याची समज कमी आणि घोकंपट्टी दांडगी अशा विद्यार्थ्यासारखं यंत्राचं होतं. ओळखीच्या प्रश्नांत पैकीच्या पैकी, आणि तोच प्रश्न फिरवून विचारला की गडबड.

दुसरं उदाहरण २० डिसेंबर २०२५ चं. सॅन फ्रान्सिस्कोच्या मोठ्या भागाची वीज गेली, सिग्नल बंद पडले आणि वेमोच्या अनेक गाड्या चौकांतच थांबून राहिल्या. बंद सिग्नल म्हणजे काय हे त्यांना माहीत होतं. एखादा चौक अंधारात असता तर त्या निघूनही गेल्या असत्या. पण शेकडो चौक एकदम अंधारले आणि 'जाऊ का?' असं खात्रीसाठी दूरच्या माणसांना विचारणाऱ्या गाड्यांची रांग लागली. एकट्या गाडीला जमणारी गोष्ट सगळ्यांना एकदम करायची वेळ आली की नवाच कोपरा तयार होतो.

## तेरा कोटी किलोमीटरची परीक्षा

इथे जरा आकडेमोड करू, कारण सगळ्या गोंधळाची किल्ली तिच्यात आहे.

अमेरिकेत २०२३ च्या हिशेबाने साधारण १३ कोटी किलोमीटर ड्रायव्हिंगमागे एक मृत्यू होतो. वर्षाला १५,००० किलोमीटर गाडी चालवणाऱ्या माणसाला तेवढं अंतर कापायला साडेआठ हजारांहून जास्त वर्षं लागतील. रस्त्यांवर जगभरात वर्षाला सुमारे ११ लाख ९० हजार माणसं मरतात, आणि हा आकडा मन विषण्ण करणारा आहे. तरीही दर किलोमीटरमागे पाहिलं तर माणूस हा आपण समजतो त्यापेक्षा खूप चांगला चालक आहे.

आता पन्नास किलोमीटरचं प्रात्यक्षिक पाहून आपण काय ठरवू शकतो? जवळजवळ काहीच नाही. प्रात्यक्षिकात गाडी एकदा नीट गेली, एवढंच कळतं. ती कधी चुकणार नाही, हे कळत नाही. रँड या संशोधन संस्थेने २०१६ मध्ये हिशेब मांडला होता. चालकविरहित गाडी जीवघेण्या अपघातांबाबत माणसाइतकी तरी सुरक्षित आहे, हे ९५ टक्के खात्रीने म्हणायचं तर तिने एकही मृत्यू न होता सुमारे ४४ कोटी किलोमीटर चालायला हवं. शंभर गाड्या दिवसरात्र, न थांबता, ताशी ४० किलोमीटरने फिरवल्या तरी साडेबारा वर्षं लागतील.

माणसांनी आणि वर्तमानपत्रांनी प्रात्यक्षिकांवरून तारखा बांधल्या, ही पहिली चूक. दुसरी चूक त्याहून सूक्ष्म आहे. मोकळ्या जमिनीवरचा वेग पाहून कोपऱ्यांचाही हिशेब मांडला गेला. दर हजार किलोमीटरला एक चूक इथून दर दहा हजारांना एक चूक इथवर यायला दोन वर्षं लागली, म्हणून लाखावर जायला आणखी दोनच लागतील, असं काही नसतं. जी चूक लाखात एकदा घडते, ती आधी सापडायला तरी लाख किलोमीटर फिरावं लागतं.

## लेव्हल दोन, लेव्हल चार: या पायऱ्या नव्हेत

बातम्यांत 'लेव्हल' हा शब्द सारखा येतो. अभियंत्यांच्या एसएई या संघटनेने २०१४ मध्ये शून्य ते पाच अशी वर्गवारी केली. लक्षात ठेवायला दोनच पुरेत. लेव्हल दोनमध्ये गाडी स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळते, पण लक्ष तुम्हीच ठेवायचं आणि जबाबदारीही तुमचीच. आज दुकानात मिळणाऱ्या जवळपास सगळ्या 'स्वतः चालणाऱ्या' गाड्या या वर्गातल्या, नावं कितीही भारदस्त असली तरी. लेव्हल चारमध्ये ठरलेल्या हद्दीत गाडी सगळं स्वतः करते. तुम्ही मागे झोपलात तरी चालेल. वेमोच्या टॅक्सी या वर्गातल्या.

आकडे ओळीने असल्यामुळे दोनवरून तीनवर, तीनवरून चारवर असं चढत जायचं, असा समज होतो. मध्ये मोठी दरी आहे आणि ती तंत्रापेक्षा माणसाच्या मनाची आहे. दूध तापत ठेवून पातेल्याकडे बघत उभं राहा. दहा मिनिटं काही होत नाही. नजर हलली की उतू गेलंच. काहीच घडत नसताना डोळ्यांत तेल घालून पाहत राहणं हे माणसाला जमणारं काम नाही. गाडी जितकी चांगली चालेल, तितका देखरेख करणारा माणूस ढिला पडतो. म्हणजे अर्धवट सुधारलेली गाडी काही बाबतींत न सुधारलेलीपेक्षा धोकादायक.

गुगलला हे २०१३ च्या सुमारास कळून चुकलं. त्यांनी कर्मचाऱ्यांना हायवेवर वापरायला अशा गाड्या दिल्या आणि आत कॅमेरे बसवले. माणसं फोनमध्ये गुंतलेली, मेकअप करताना आणि चक्क झोपलेली दिसली. कंपनीने तो मार्गच सोडला आणि चालकाला पूर्णपणे काढायचं ठरवलं. माझ्या मते या क्षेत्रातल्या सर्वांत शहाण्या निर्णयांपैकी तो एक होता, आणि सर्वांत महागड्यांपैकीही.

लेव्हल तीन म्हणजे या दरीवरचा अरुंद पूल. मर्सिडीजने २०२२ मध्ये जर्मनीत अशी सोय आणली, तेव्हा ती ठरावीक हायवेवर, ताशी ६० किलोमीटरपर्यंतच चालायची. त्या वेळेपुरती नजर रस्त्यावरून काढली तरी चालते, पण गाडीने बोलावलं की काही सेकंदांत ताबा घ्यायचा. वेग आणि जागा इतकी का आवळली, हे दुधाच्या पातेल्यापाशी उभं राहिलेल्या कुणालाही कळेल.

## मग सॅन फ्रान्सिस्कोत गाडी चालतेच कशी?

तिथे खोली लहान केली, म्हणून. ठरावीक शहरं आधी बारकाईने नकाशात उतरवली: पट्टे, कठडे, सिग्नलची जागा, सगळं. बर्फ पडणारी शहरं बराच काळ बाजूला ठेवली. सुरुवातीला हायवे टाळले. गाडी अडली तर दूर बसलेल्या माणसाला विचारते. तो माणूस स्टिअरिंग हातात घेत नाही. 'डावीकडून जा' किंवा 'थांब' एवढं सुचवतो.

ही लबाडी आहे, असं काहीजण म्हणतात. मला तसं वाटत नाही. विहिरीत पोहायला शिकलेला माणूस समुद्रात उतरला नाही म्हणून त्याला पोहता येत नाही असं आपण म्हणत नाही. मात्र विहीर दाखवून 'समुद्र जिंकला' असं सांगणाऱ्याला अडवलं पाहिजे.

यामुळे प्रगती कशी दिसते ते पाहा. ती सगळीकडे एकदम थोडी थोडी येत नाही. एका शहरात पूर्ण येते, शेजारच्या शहरात शून्य असते. फिनिक्सच्या उपनगरांत वेमोने ऑक्टोबर २०२० मध्ये रिकाम्या सीटची सेवा सगळ्यांना खुली केली. सॅन फ्रान्सिस्कोत तसं व्हायला जून २०२४ उजाडला. प्रत्येक नव्या गावाचे कोपरे वेगळे, कायदे वेगळे, लोकांच्या सवयी वेगळ्या.

## 'विमान तर स्वतः उडतं ना?'

उडतं, कारण आकाशात गर्दी नाही, प्रत्येक विमानाचा माग ठेवणारी यंत्रणा जमिनीवर आहे, आणि उंचावर काही बिघडलं तर विचार करायला बहुधा काही मिनिटं मिळतात. रस्त्यावर एक-दोन सेकंद मिळतात. चालकविरहित मेट्रोही जुन्याच. जपानमध्ये कोबे इथे १९८१ पासून, फ्रान्समध्ये लील इथे १९८३ पासून. तिथे गाडीच्या मार्गावर कुणी येऊच शकत नाही. रस्ता मात्र सगळ्यांचा असतो: चालणाऱ्यांचा, मुलांचा, प्राण्यांचा.

मग रस्तेच गाड्यांच्या सोयीचे करावेत? तेही करून पाहिलंय. १९९७ मध्ये सॅन डिएगोजवळ हायवेत चुंबक पुरून गाड्यांची रांग स्वतः चालवून दाखवली गेली. पुढच्या वर्षी तो कार्यक्रम गुंडाळला. साऱ्या रस्त्यांवर असं काही बसवायचं आणि सांभाळायचं हे कुणाच्याच आवाक्यातलं नाही.

## 'माणसं काय कमी चुका करतात?'

हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. रस्त्यावर गेलेल्यांपैकी कुणी आपल्या ओळखीचं असतं, तेव्हा 'यंत्र परिपूर्ण होईपर्यंत थांबू' हे वाक्य क्रूर वाटू लागतं. माणूस पिऊन चालवतो, पेंगतो, मेसेज वाचतो. यंत्र यातलं काही करत नाही.

पण 'अपघातांतले ९४ टक्के माणसाच्या चुकीने होतात, म्हणून यंत्र ते ९४ टक्के वाचवेल' हे गणित खोटं आहे. तो आकडा अमेरिकी सरकारच्या २०१५ च्या एका पाहणीतून येतो आणि त्यात अपघाताच्या साखळीतली फक्त शेवटची कडी मोजली आहे. खराब वळण, अंधार, बेफाम वेगाला मुभा देणारा रस्ता या आधीच्या कड्या त्यात येत नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या अध्यक्ष जेनिफर होमेन्डी यांनी २०२२ मध्ये हा आकडा वापरणं बंद करा, असं सरकारी खात्याला सांगितलं. शिवाय यंत्र माणसाच्या चुका टाळतं तसं स्वतःच्या नव्या चुका आणतं.

तरीही खरी आकडेवारी आता जमू लागली आहे आणि ती आशादायक आहे. जुलै २०२५ पर्यंत वेमोच्या गाड्या चालकाविना १६ कोटी किलोमीटर धावल्या होत्या. स्विस री या विमा कंपनीने वेमोबरोबर केलेल्या अभ्यासात सुमारे ४ कोटी किलोमीटरवर, माणसांनी चालवलेल्या गाड्यांच्या तुलनेत, मालमत्तेच्या नुकसानीचे दावे ८८ टक्क्यांनी आणि माणसांना झालेल्या इजेचे दावे ९२ टक्क्यांनी कमी निघाले. कंपनी स्वतः त्या अभ्यासात सामील होती, शहरं आणि हवामान निवडक होतं, आणि मृत्यूंबद्दल पक्कं बोलायला हे अंतर अजून पुरत नाही. हे सगळं गृहीत धरूनही एवढा फरक नुसत्या योगायोगाचा नसतो, असं मला वाटतं.

## 'एक अपघात झाला की एवढा गहजब कशाला?'

मार्च २०१८ मध्ये ॲरिझोनात टेम्पी इथे उबरच्या चाचणी गाडीखाली येऊन एक महिला मरण पावली. रात्री सायकल हाताने ढकलत ती रस्ता ओलांडत होती. तपासात कळलं की यंत्रणेला ती धडकेच्या ५.६ सेकंद आधी दिसली होती. पण यंत्र कधी तिला वाहन समजलं, कधी 'इतर काही', कधी सायकल. आणि दर वेळी ओळख बदलली की आधीचा माग पुसून पुन्हा पहिल्यापासून अंदाज. झेब्रा क्रॉसिंग सोडून माणूस रस्ता ओलांडेल, हे यंत्रणेत धरलेलंच नव्हतं. देखरेखीला बसवलेली व्यक्ती फोनवर कार्यक्रम पाहत होती. पुन्हा दुधाचं पातेलं. उबरने २०२० मध्ये तो विभाग विकून टाकला. घेणारी कंपनी होती अर्मसन यांनी उभी केलेली ऑरोरा.

ऑक्टोबर २०२३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत माणसाने चालवलेल्या एका गाडीने एका महिलेला उडवलं आणि ती जनरल मोटर्सच्या क्रूझ कंपनीच्या चालकविरहित टॅक्सीपुढे पडली. टॅक्सीने ब्रेक लावला, धडक बसली, ती थांबली. मग बाजूने धडक बसली आहे असा चुकीचा निष्कर्ष काढून ती कडेला जाऊ लागली आणि गाडीखाली अडकलेल्या त्या महिलेला सुमारे सहा मीटर फरफटत नेलं. ती वाचली, पण गंभीर जखमी झाली. त्याच महिन्यात क्रूझचा परवाना रोखला गेला, घटनेची अपुरी माहिती दिल्याबद्दल पुढे कंपनीला दंड झाला, आणि डिसेंबर २०२४ मध्ये जनरल मोटर्सने दहा अब्ज डॉलरहून जास्त खर्च झालेल्या या टॅक्सी प्रकल्पाचा पैसा बंद केला.

लोकांचा राग अवाजवी आहे असं तंत्रज्ञ म्हणतात. मला मात्र तो राग पटतो. एखाद्या माणसाची चूक ही त्या एका माणसाची असते. सॉफ्टवेअरमधली चूक त्या क्षणी सगळ्या गाड्यांत बसलेली असते. एकाच ट्रकला धडकलेल्या त्या दोन गाड्या आठवा. शिवाय ज्या माणसाने या प्रयोगाला होकार दिलेला नाही, तोच रस्त्यावर पायी चाललेला असतो. दुरुस्तीही सगळ्या गाड्यांत एकदम पोचते, ही याची चांगली बाजू. पण तेवढ्यासाठी चूक उघडपणे सांगितली गेली पाहिजे. क्रूझ बुडाली ती अपघाताइतकीच लपवाछपवीने.

## 'आता तर संगणक बोलू लागलाय, मग हेही सुटेल'

काही प्रमाणात खरं आहे. जग नुसतं घोकण्याऐवजी त्याची थोडी समज घेऊन आलेली नवी यंत्रं अनोळखी प्रसंगात बरी वागतात, आणि जवळपास सगळ्या कंपन्या ती वापरू लागल्या आहेत. पण लिहिणारं यंत्र चुकलं तर वाक्य खोडता येतं. ताशी ६० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला खोडरबर नाही. शंभरातली नव्व्याण्णव उत्तरं बरोबर येणं गप्पा मारायला भरपूर आहे, रस्त्यावर मात्र ते भयंकर आहे.

## बातमी वाचताना

'गाडी कधी येणार' हा प्रश्न मी आता विचारत नाही, कारण त्याला एक उत्तर नाही. कुठे चालते, कोणत्या हवामानात, किती वेगाने, हे पाहतो. चालकाच्या सीटवर कुणी आहे का, नसेल तर शेजारच्या सीटवर आहे का, तेही पाहतो. टेस्लाने जून २०२५ मध्ये ऑस्टिनला टॅक्सी सुरू केल्या तेव्हा पुढच्या शेजारच्या सीटवर कंपनीचा माणूस बसलेला होता. धडक बसली तर जबाबदार कोण, हे कंपनी लेखी सांगते का, हे मी सर्वांत महत्त्वाचं मानतो. जबाबदारी घेणाऱ्या कंपनीला आपल्या गाडीवर खरंच विश्वास आहे, असं समजायला हरकत नाही.

या सगळ्यात ज्यांना घाई आहे, त्यांना विसरू नये. गुगलने २०१२ मध्ये एका दृष्टिहीन गृहस्थांचा व्हिडिओ प्रसिद्ध केला होता. ते चालकाच्या सीटवर बसलेले आणि गाडी स्वतः चाललेली. ऑक्टोबर २०१५ मध्ये तेच गृहस्थ ऑस्टिनच्या रस्त्यावर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत एकटे फिरले. फोन काढून अशी गाडी बोलवायची सोय सर्वसामान्यांना मिळायला त्यानंतर पाच वर्षं लागली, तीही वेगळ्या शहरात. आणि ट्रक-टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्यांना उलट धास्ती आहे. त्यांच्या बाबतीत ही संथ, गावोगाव येणारी चाल सावरायला थोडा अवधी देते, जर सरकारांनी तो वापरला तर.

अर्मसन २०१६ मध्ये गुगलमधून बाहेर पडले होते. मे २०२५ च्या सुरुवातीला ऑरोराने टेक्सासमध्ये डॅलस ते ह्यूस्टन अशा हायवेवर चालकाविना मालवाहू ट्रक सुरू केल्याचं जाहीर केलं. पहिल्या फेरीत अर्मसन स्वतः मागच्या सीटवर बसले होते आणि पुढची सीट रिकामी होती. त्याच महिन्यात, ट्रक बनवणाऱ्या कंपनीच्या विनंतीवरून, त्या सीटवर पुन्हा एक माणूस बसवला गेला. ट्रक चालवायचं काम त्याच्याकडे दिलेलं नव्हतं.